गेट नंबर दोन

आज सकाळी आमच्या गल्लीत प्रचाराची रिक्षा आली. रविवार होता, हवेत गारवा होता, मी बाल्कनीत उन्हाकडे पाठ करून मटार सोलत बसले होते. महापालिकेची निवडणूक लागल्यापासून ही रिक्षा कधी ना कधी येणार हे ठाऊक होतं. तरी भोंग्यातून तो पहिला खरखरीत ‘मतदार बंधू-भगिनींनो’ आला आणि मी दचकले. हातातली शेंग तशीच राहिली. समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी विचारलं, काय झालं हो? मी म्हटलं, काही नाही. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहून प्रचाराच्या रिक्षाला दचकणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

कुणाला मोगऱ्याच्या वासाने उन्हाळा आठवतो, कुणाला आंब्याच्या पेटीतल्या गवताने. मला भर थंडीत भोंगा ऐकला तरी तो उन्हाळा आठवतो, लोकसभेच्या प्रचाराचा. गच्चीवर तापलेलं सिमेंट, त्यावर जुनी साडी पसरलेली, साडीवर ओल्या कुरडयांच्या रांगा आणि गव्हाच्या चिकाचा तो आंबूस वास. एका कोपऱ्यात मोडकी छत्री बांधलेली आणि छत्रीखाली खुर्चीवर माझे वडील, अण्णा. एका हातात कावळे हाकलायची काठी, दुसऱ्या हातात फोन. कुरडया वाळत होत्या आणि अण्णा व्हिडिओ ऐकत होते. आवाज एवढा मोठा, की कावळे काठीपेक्षा त्यालाच भीत असावेत.

त्या फोनमुळेच सगळं झालं, असं मी पुढे बरेच दिवस म्हणत राहिले. फोनवर ढकलणं सोपं होतं.

अण्णा लातूरकडचे. बाविसाव्या वर्षी पिंपरीत आले, एका कंपनीत मशीनवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. मी चाकणला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी बसमध्ये मान टाकून झोपायचं. आमच्याकडे एखादा भाग बिघडून परत आला, की ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारायची पद्धत आहे. भाग का बिघडला? छिद्र वाकडं पडलं म्हणून. छिद्र वाकडं का पडलं? असं करत पाचव्या ‘का’पाशी खरं कारण सापडतं, असा कंपनीचा विश्वास आहे. मी ते कंपनीत शिकले नाही. अण्णांच्या कंपनीत ही पद्धत आली तेव्हा मी पाचवीत होते, आणि त्यांनी तिचा सराव माझ्यावर केला होता. गणितात कमी मार्क पडले, की ते एकेक बोट दुमडत पाच वेळा ‘का’ विचारायचे. तिसऱ्या बोटापर्यंत मला रडू फुटायचं.

अशा माणसाने त्या उन्हाळ्यात मला एक व्हिडिओ दाखवला. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर म्हणे परप्रांतीयांचा जमाव आपल्या मराठी पोरांना आत जाऊ देत नाही. मी तो दोनदा पाहिला. मागे दुकानाची पाटी होती, तिच्यावर मराठी सोडाच, देवनागरीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, अण्णा, हे चाकण नाही. मी रोज जाते तिथे. हे महाराष्ट्रातलंच नाही.

अण्णांनी डोळे बारीक करून पाटी पाहिली. मान डोलावली. मग म्हणाले, "व्हिडिओ खोटा असंल. पण गोष्ट तर खरीच हाय की."

मी हबकले. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ज्याला खोटं दिसतंय, मान्यही आहे आणि तरी चालतंय, त्याचं काय करायचं? आणि तो माणूस माझा बाप होता. वाकड्या छिद्रासाठी पाच वेळा ‘का’ विचारणारा.

मग मी चंगच बांधला, अण्णांना बदलायचं. मतदानाच्या आत. मी त्यांना लेख वाचून दाखवले. आकडे दाखवले. आमच्या घरी जेवताना आमटीपेक्षा वाद जास्त वाढला जायचा. मी चिडायचे, ते अजून शांत व्हायचे, मी अजून चिडायचे. शेवटी एका रविवारी मी आमच्या लाइनवरच्या सुरेंद्रला जेवायला बोलावलं. सुरेंद्र बिहारचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही. माझा हिशेब सरळ होता. अण्णा माणसाला बघतील आणि विरघळतील.

आणि विरघळले की. त्याला आग्रहाने पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. आपल्या लातुरी हिंदीत विचारलं, "अम्मा की तबियत कैसी है? गाँव में पानी-बिनी है ना?" वेल्डिंगच्या ठिणगीने हातावर पडलेले डाग दोघांनी एकमेकांना दाखवले. निघताना अण्णांनी त्याच्या मुलींसाठी कुरडया बांधून दिल्या. मी दारात उभी राहून मनातल्या मनात ढोल वाजवत होते. सुरेंद्र जिना उतरला, अण्णांनी दार लावलं आणि म्हणाले, "पोरगा लाखात एक हाय. बाकीचे तसले नसतेत."

भांडी घासायला बाई येणार होती, तरी सगळी भांडी मी घासून टाकली.

अण्णांच्या फोनवर ‘गेट नंबर दोन’ नावाचा एक ग्रुप आहे. त्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेल्यांचा. ज्या गेटातून ते तीस-पस्तीस वर्षं आत गेले आणि बाहेर आले, त्याचं नाव. मला तो ग्रुप म्हणजे सगळ्या घाणीचं मूळ वाटायचा. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी असले व्हिडिओ, संध्याकाळी कुणाच्या तरी निधनाची बातमी आणि तिच्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मी तो कधी नीट वाचला नाही. दुरून वास आला तरी पुरे, अशा थाटात मी त्याच्याकडे बघायचे.

दर रविवारी अण्णा फोन माझ्याकडे द्यायचे. "फोन भरलाय गं, जरा रिकामा कर." मी गुलाबं पुसून टाकायचे. सुरेंद्र जेवून गेला त्याच्या पुढच्या रविवारी मी गुलाबं पुसली आणि मग त्या ग्रुपवर बोट ठेवलं. आवाज बंद केला, कायमचा. आणि ग्रुप उचलून, नको ते नजरेआड ठेवायच्या कप्प्यात टाकून दिला. दहा सेकंदांचं काम. फोन परत दिला तेव्हा माझा चेहरा कसा होता कोण जाणे, पण अण्णा म्हणाले, "केलीस का सफाई? बरं झालं."

चार दिवसांनी ते म्हणाले, "गेट थंड पडलंय. कुणी काही बोलंना."

मी म्हटलं, "उन्हाळा आहे, अण्णा. सगळे गावी गेले असतील."

हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं, ते मला आजही आठवतं. कंपनीत कुणी असा खोटा शेरा लिहिला असता, तर मी त्याला धारेवर धरलं असतं.

पण दिवस सुखाचे गेले, हेही सांगायला हवं. अण्णा गच्चीवर नुसते बसू लागले. कावळ्यांशी बोलू लागले. आईने पहिल्यांदा कुरडया घातल्या आणि त्या कशा फसल्या, ते त्यांनी मला सांगितलं. बाहेर भोंगे कोकलत होते, चाकणच्या चौकात सभेमुळे आमची बस तास तास अडकत होती, आणि घरी आलं की पन्ह्याचा ग्लास घेऊन शांत बसलेले अण्णा. मी जिंकले, असं मला वाटलं. कंपनीत मैत्रिणीला मी ही युक्ती सांगितलीसुद्धा. तिने तिच्या सासऱ्यांवर वापरायचं ठरवलं. मतदान झालं, अण्णा शाई लावलेलं बोट दाखवत परत आले, मी मत कुणाला दिलं ते विचारलं नाही. मोठ्या मनाची म्हणवून घ्यायला मला आवडलं.

फक्त बबनकाका आले नाहीत.

बबनकाका अण्णांचे मित्र, तळेगावजवळच्या खेड्यातले. एकाच मशीनवर दोघांनी वीस वर्षं काढली. कंपनीत दोन युनियन होत्या, दोघे दोन बाजूंना. गेट नंबर दोनवर सभा व्हायची तेव्हा हे दोघे सगळ्यांसमोर एकमेकांची अशी सालपटं काढायचे, की नवीन कामगारांना वाटायचं आता मारामारी होणार. आणि जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की एका डब्यात जेवायला बसायचे. त्यांचा एक नियम होता. जे भांडायचं ते गेटवर, सगळ्यांच्या देखत. घरी आलो की विषय बंद. तो नियम दोघांनी इतका पाळला, की लहानपणी मला ते वेगळ्या युनियनचे आहेत हे माहीतच नव्हतं. माझ्यासाठी ते दरवर्षी मे महिन्यात पळसाच्या पानात करवंदं आणणारे काका होते.

त्या वर्षी करवंदं आली नाहीत. मतदान होऊन दोन आठवडे गेले. अण्णा म्हणाले, "आपणच जाऊन येऊ. कुरडया देऊ." मी त्यांच्यासोबत निघाले. पिंपरीहून लोकल पकडली, तळेगावला उतरलो, पुढे रिक्षा. अण्णांच्या मांडीवर कुरडयांचा डबा. तुटू नयेत म्हणून ते प्रत्येक खड्ड्याला तो उचलून धरत होते.

दार काकांच्या सुनेने, रेखाने उघडलं. तिने अण्णांना पाहिलं आणि ती तशीच उभी राहिली. तिच्या मागे भिंतीवर फोटो होता. फोटोला हार होता, आणि हारातली फुलं सुकलेली होती.

अण्णा हातात डबा घेऊन उंबऱ्याबाहेर उभे होते. मला आठवतं, त्यांनी आधी चप्पल काढली. दोन्ही पायांतली, नीट जोडून ठेवली. मग विचारलं, "कधी?"

"मतदानाच्या आदल्या शनवारी," रेखा म्हणाली. "दुपारी जेवले, आडवे झाले, उठलेच न्हाईत. अण्णा, ग्रुपवर टाकलं व्हतं की आमी. घाईत कुणाकुणाला फोन करायचा? समदं गेट आलं मातीला. तेराव्यालाबी आलं. तुमीच न्हाई. आमाला वाटलं, तुमी रागावलाय."

"मी कशाला रागवू?"

"मामंजी तुमच्याशी बोलत व्हते ना ग्रुपवर. तुमी उत्तरच दिलं न्हाई."

अण्णांनी खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. म्हणाले, माझ्याकडं काही आलंच नाही. रेखाने दोन-तीनदा बोट फिरवलं. आणि मला पळून जावंसं वाटत असताना ती अगदी साधेपणाने म्हणाली, "ह्ये काय, हितं खाली टाकलंय. आवाजबी बंद केलाय. कुणी केलं ह्ये?"

अण्णांना फोनमधलं तेवढं काहीच करता येत नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्यांनी कुरडयांचा डबा फोटोसमोर ठेवला. रेखाने पाणी आणलं. जाताना म्हणाली, "करवंदं काढून ठिवली व्हती तुमच्यासाठी. वाळली, मग टाकली."

तळेगाव स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. उन्हं कलली होती, तरी बाक तापलेलाच होता. अण्णांनी फोन कानाशी धरून बबनकाकांचे निरोप लावले. आवाज इतका मोठा होता की मला सगळं ऐकू आलं, आणि ऐकलं नाही असं म्हणायची सोय राहिली नाही.

"माणिक," काकांचा आवाज म्हणाला, "तू गेटवर टाकलेला व्हिडिओ बघितला. ह्ये चाकण न्हाई. पर चाकण असतं तरी मी ह्येच बोललो असतो. तू लातूरवरनं आलास तवा आमच्या गावची मानसं काय म्हनत व्हती, आठवतंय का? ही बाहेरची मानसं आमच्या पोरांची कामं खात्यात. मीबी म्हनत व्हतो. मंग तुज्यासंगं एका मशीनवर उभा ऱ्हायलो आन गप झालो. आता तू त्येच म्हनतुयास व्हय? उत्तर दे. हितंच दे, गेटवर."

दुसरा निरोप दोन दिवसांनंतरचा. "माणिक, ऐकलंस न्हाई, का रागावलास? समदी वाट बघत्यात."

तिसरा शुक्रवारचा, शेवटचा. "बरं, नको बोलूस. करवंदं पिकल्यात. रविवारी घिऊन येतो. घरी आलो की इषय बंद."

ज्या ग्रुपला मी घाण म्हणून उचलून फेकलं, त्यात एक माणूस माझंच काम करत होता. माझे लेख, माझे आकडे, माझी पुरणपोळी यांनी जे झालं नाही, ते करू शकणारा जगातला बहुधा एकच माणूस. त्याचं तोंड मी बंद केलं होतं. आणि तो उत्तराची वाट बघत गेला.

एक लोकल आली आणि गेली. अण्णा उठले नाहीत. त्यांनी हात समोर धरला, पाचही बोटं उघडी, आणि करंगळी दुमडली.

"ग्रुप बंद का केलास?"

"त्यात खोटं येत होतं."

दुसरं बोट. "खोटं येत होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तुम्ही ऐकलं नाही."

"ऐकलं नाही, तर परत का नाही सांगितलंस?"

"कंटाळले, अण्णा."

चौथं बोट. त्यांचा आवाज चढला नव्हता. "कंटाळलीस तर तू उठून जायचं. मला का कोंडलंस?"

मी रडत होते. पाचवीतल्या मुलीसारखी नाही, पंचेचाळिशीतल्या बाईसारखी, नाक पुसत, लोकांकडे बघत. मी म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला आता कळत नाही."

अंगठा उरला होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात लोकलची घोषणा झाली आणि त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला. पाचवा ‘का’ त्यांनी विचारला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन धरायला लावला आणि ग्रुपवर बोलले. "माणिक बोलतोय. माझा फोन बिघडला होता, मला बातमी कळली नाही. बबन, तू विचारलं होतंस, आठवतंय का. आठवतंय." एवढंच. मला धक्का त्यांच्या उत्तराचा बसला नाही. गेटवर आयुष्यात खोटं न बोललेला माझा बाप माझ्यासाठी, माझ्यादेखत गेटवर खोटं बोलला. मी फोन धरून उभी होते आणि गप्प राहिले.

त्यानंतर अण्णांनी तसला एकही व्हिडिओ पुढे पाठवलेला नाही. कुणी पाठवला, की त्याखाली ते सावकाश, एका बोटाने चार शब्द टाइप करतात. ‘मी पण बाहेरचाच आहे.’ त्यांना कोणी बदललं हे मला माहीत आहे. मी नाही.

आता पुन्हा प्रचार आहे, ग्रुप पुन्हा तापलाय. आज सकाळी रिक्षा गेली आणि मी मटाराचं भांडं घेऊन आत आले, तर अण्णांचा फोन टेबलावर पालथा पडलेला. अण्णा गच्चीवर निघून गेले होते, चहा अर्धा टाकून. मी फोन सुलटा केला. या वेळी वाचला, सगळा, पहिल्यापासून. कुणीतरी व्हिडिओ टाकला होता, अण्णांनी त्यांचे चार शब्द लिहिले होते, आणि त्याखाली त्यांच्याच खात्यातल्या एकाने लिहिलं होतं, ‘फोन बिघडला म्हणून जो जिवलग दोस्ताच्या मातीला आला नाही, त्याने आम्हाला माणुसकी शिकवू नये.’ त्याखाली अंगठे. आठ-दहा अंगठे.

म्हणजे कुणाचाच विश्वास बसला नव्हता. इतके दिवस अण्णा हे ऐकत होते, आणि मला बोलले नव्हते.

मी बोलायचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. "मी वैशाली, माणिकरावांची मुलगी. गेटवर आमच्यासारख्या कधी बोलल्या नाहीत, पण मी बोलते. फोन बिघडला नव्हता. तुमचा ग्रुप मी बंद केला होता, त्यांना न विचारता, न सांगता. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नाही ती माझ्यामुळे. बबनकाकांना उत्तर मिळालं नाही ते माझ्यामुळे. मला वाटलं, अण्णांना आता कळत नाही. आणि असं का वाटलं, तर ते माझ्यासारखं बोलत नव्हते, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं."

मागे वळून पाहिलं, तर अण्णा दारात उभे होते. कधी खाली आले कोण जाणे. किती ऐकलं, तेही कळलं नाही. माझा अंगठा अजून बटणावर होता, सेकंद पुढे सरकत होते. बाजूला सरकवला असता तर सगळं पुसलं गेलं असतं.

अण्णा म्हणाले, "जाऊ दे गेटवर."

मी अंगठा उचलला.